वाफेवरच्या कण्या

ज्वारीच्या कण्या तुमच्यापैकी किती जणांनी खाल्ल्या आहेत? नांदेड-लातूरकडच्या एखाद्या आजीला विचारा, ती लगेच सांगेल. ज्वारी ओलसर करून सडायची, जात्यावर भरडायची, पीठ चाळून काढायचे आणि मागे राहिलेली कणी ताकात शिजवायची. हे गरिबाघरचे जेवण. पुढे या भागात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि कण्याही ताटातून मागे हटल्या.

आता थोडे दूर जाऊ. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिसिया या उत्तर आफ्रिकेतील देशांत ‘कुसकुस’ नावाचा पदार्थ घरोघरी होतो. गव्हाच्या रव्यावर पाणी शिंपडून, हाताने वळून त्याचे मोहरीएवढे दाणे करतात व ते वाफेवर शिजवतात. ही विद्या २०२० साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवून घेतली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगल, माली या देशांत हेच कुसकुस बाजरीचे आणि ज्वारीचेही करतात. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच. तेव्हा कुसकुस हे आपल्या कण्यांचे चुलत भावंडच म्हणायचे!

पण दोघांत एक फरक आहे. ताकातल्या कण्या मऊ, घट्टसर होतात. कुसकुस मात्र मोकळे, दाणा न् दाणा सुटा. असे का बरे?

धान्यात पिष्टाचे अतिशय बारीक कण असतात. थंड पाण्यात ते जवळजवळ तसेच राहतात. पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाली की ते फुगतात, म्हणजेच धान्य शिजते. ज्वारीचे पिष्ट साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागते. गव्हाचे त्याच्या आधीच. भांड्यात भरपूर पाणी असेल तर कण फुगून फुटतात, आतले पिष्ट बाहेर येते आणि सगळे एकमेकांना चिकटते. पाणी बेताचे असेल तर कण फुगतात, पण फुटत नाहीत. भाकरीचे पीठ जुने झाले की आई त्यात आधणाचे पाणी घालते ना? ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून ती पिष्टाचाच डिंक करून घेते. आपल्याला येथे तो डिंक नको आहे.

आता कृती. ज्वारीचा जाडसर रवा दोन वाट्या घ्या आणि पीठ चाळून टाका. रवा परातीत पसरून त्याला चमचाभर तेल चोळा. अर्धी वाटी मिठाचे पाणी थोडे थोडे शिंपडत बोटांनी मोकळे करीत राहा. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, टिचकी मारली तर फुटावा, इतकाच ओलावा हवा. वीस मिनिटे झाकून ठेवा. मग चाळणीत पातळ ओले फडके घालून त्यावर रवा सैल पसरा आणि चाळणी उकळत्या पातेल्यावर ठेवा. पाणी चाळणीला लागता कामा नये. कडेने वाफ निसटत असेल तर तेथे कणकेची वळी लावा. मोरोक्कोतल्या बायका यासाठी पिठात भिजवलेली चिंधी गुंडाळतात. पंधरा मिनिटांनी रवा परातीत काढा, गुठळ्या फोडा, पुन्हा अर्धी वाटी पाणी शिंपडा आणि परत वाफेवर ठेवा. हे आणखी एकदा करा. वाफेचा चटका पाण्यापेक्षा वाईट असतो. चाळणी उतरवताना घरातील मोठ्या माणसाला जवळ बोलवा.

तुम्ही म्हणाल, वाफ म्हणजे पाणीच, मग वेगळे पाणी कशाला? हिशेबच करू. समजा रवा १०० ग्रॅम आहे आणि त्यात पाणी २५ ग्रॅम. रव्याला तापायला पाण्याच्या सुमारे निम्मी उष्णता लागते, म्हणजे हे सारे ७५ ग्रॅम पाण्याइतके धरू. ते सुमारे ७० अंशांनी तापवायला ७५ × ७० म्हणजे ५,२५० कॅलरी लागतील. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. भागाकार करा: जवळजवळ १० ग्रॅम! रवा पूर्ण तापेपर्यंत वाफेने त्याला एवढेच पाणी दिले. शंभर ग्रॅम रवा चांगला शिजायला मात्र साधारण त्याच्याइतके पाणी हवे. उरलेले आपल्या बोटांनी शिंपडायचे, आणि एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने. आफ्रिकेतल्या आज्यांनी हा भागाकार न करताच तीन वाफा ठरवल्या, याचे मला फार कौतुक वाटते.

खालच्या पातेल्यात नुसते पाणी का उकळावे? तेथे तुरीचे वरण ठेवा. लातूरकडे तुरीला काय तोटा! ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा आपल्या शरीराला आवश्यक असलेला घटक कमी असतो. तुरीत तो चांगला असतो. पण वाफेबरोबर वरणाचा फक्त वास वर येतो, लायसिन नाही. म्हणून वरण कण्यांवर ओतूनच खायचे.

थोड्या कण्या वाटीत झाकून रात्रभर ठेवून पाहा. सकाळी त्या शिळ्या भाकरीसारख्या कडक झालेल्या असतील. वाळल्या म्हणावे, तर वजन करून बघा. ते फारसे घटलेले नसेल. फुगलेले पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट रचले जाते, त्याचा हा परिणाम. त्याच कण्या पाच मिनिटे वाफेवर धरा आणि बोटाने दाबून पाहा.