पारड्यात माल कुठला?

पुरुषोत्तम करंडकाचा निकाल लागला की दरवर्षी काही पोरं माझ्याकडे येतात. अंगात एकांकिका भिनलेली, खिशात कॅम्पसमधून मिळालेलं नोकरीचं पत्र, आणि मागे ‘त्यांना एकदा विचारून ये’ असं बजावणारे आईवडील. हिशेबखात्यातली कायमची नोकरी सोडून मी व्यावसायिक नाटकांची प्रकाशयोजना करू लागलो. त्यामुळे मी ‘सोड’ म्हणेन अशी पोरांची खात्री असते आणि चांगला पोळलेला असल्यामुळे ‘सोडू नको’ म्हणेन अशी पालकांची. मी यातलं काहीच म्हणत नाही. आवड आणि पगार तोलायला कुणाची हरकत नाही, पण दोन्ही पारड्यांत भलताच माल पडलेला असतो.

पगाराच्या पारड्यात सगळे जण खात्यावर जमा होणारा आकडा टाकतात आणि समोर नाइटचा हिशेब मांडतात. महिन्याला इतके प्रयोग, प्रयोगामागे इतके पैसे, म्हणजे भागलं की! पण बारा महिने सारखे नसतात. दिवाळीनंतर दिवस बरे जातात, दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की बुकिंग बसतं, पावसात दौरे रोडावतात. चालत्या नाटकाचं पाकीट त्याच रात्री हातात पडतं, पडलेल्या नाटकाचं मागत फिरावं लागतं. कोरोनात मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद, ती थेट 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली. माझ्या नोकरदार मित्रांचे पगार त्या काळात कापले गेले. माझ्याकडे कापायलाच काही नव्हतं.

तरी आकडा हा पगाराचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या बारा टक्के पीएफमध्ये आपले जातात, तेवढेच मालक घालतो. पाच वर्षं सलग भरली की ग्रॅच्युइटी मिळते, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ओळखीचा एक जण पाचवं वर्ष जेमतेम लागलेलं असताना बाणेदारपणे राजीनामा देऊन मोकळा झाला. बाणा राहिला, ग्रॅच्युइटी गेली.

आणि मेडिक्लेम. कंपनीच्या गट विम्यात माझी आई होती, तिच्या मधुमेहासकट. राजीनामा मंजूर झाला त्या दिवशी ती त्यातून बाहेर पडली. नवी पॉलिसी लगेच घेतली, पण आधीपासूनच्या आजारासाठी तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबावं लागे (2024 पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आली आहे). मधल्या काळात तिच्या पायाला चपलेचा अंगठा घासून जखम झाली, ती चिघळली, आणि दोन बोटं काढावी लागली. विमा कंपनीने नियमावर बोट ठेवलं, आणि नियम त्यांच्या बाजूने होता. एफडी मोडली, ती पुरेना, तेव्हा बायकोने तिच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. त्याच आठवड्यात माझ्या नव्या नाटकाचा शुभारंभ होता आणि पेपरात प्रकाशयोजनेचं कौतुक छापून आलं होतं. हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीवर ते कात्रण कोण घेणार?

म्हणून घरच्यांची वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच काढा. थांबायची वर्षं पगार चालू असताना सरतात. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमात आहे, पण ती सोडायच्या आधी विचारायची, नंतर नाही. निर्माता मानधनातून दहा टक्के टीडीएस कापतो, तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. रिटर्न नसतील तर गृहकर्जाला बँक दारातही उभी करत नाही.

आता दुसरं पारडं. त्यात पोरं टाळ्या टाकतात. टाळ्या दहा मिनिटांच्या, बाकीचं काम असं: परगावचं नाट्यगृह, दुपारचा सत्कार समारंभ लांबलेला, हातात तास-दीड तास. शिडी डुगडुगते, निम्मे ‘पार’ दिवे उडालेले, डिमरचे दोन चॅनल मेलेले. निळं जिलेटिन स्पॉटच्या आचेने मध्येच जळून भोक पडलेलं, ते कात्रीने कापून उरलेला तुकडा दुसरीकडे बसवायचा. प्रयोग संपल्यावर सगळं उतरवून बसमध्ये टाकायचं. हे सगळं आपल्याला न पटलेल्या नाटकासाठीही करायचं, कारण ते चालतंय. माझ्याबरोबर या धंद्यात उतरलेला एक जण माझ्याहून सरस होता. त्याला नाटक आवडायचं, शिडी आवडायची नाही. आता तो जाहिरातींच्या चित्रीकरणात आहे, आणि मजेत आहे.

डॉ. श्रीराम लागूंचं नाव या चर्चेत हमखास निघतं. कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून ते 1969 मध्ये पूर्ण वेळ रंगभूमीवर आले, हे पोरांना पाठ असतं. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, हातात पदवी असलेले सर्जन होते, हे कुणी लक्षात घेत नाही. वसंतराव देशपांडे तर कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत गायले. त्यांचं गाणं त्याने पातळ झालं असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तेव्हा पत्र मिळालं असेल तर नोकरीवर रुजू व्हा. पुण्या-मुंबईतले बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी लागतात, त्यामुळे पहिली काही वर्षं नोकरी सांभाळून निघतात. अडतं ते दौऱ्याला. सुट्ट्या पुरेनाशा झाल्या आणि न मागता फोन यायला लागले, की राजीनाम्याचा मसुदा काढा. त्याआधी आईची पॉलिसी.