पंपापर्यंत पोहोचणारा विद्युतदाब

नववी-दहावीच्या विज्ञानाच्या तासाला आपण सर्वांनी ओहमचा नियम पाठ केला. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेला हा नियम परीक्षेनंतर बहुधा विस्मरणात जातो. परंतु अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर जुनी मोटार बाळगणाऱ्यास तो पुन्हा भेटतो. सकाळी निमूट चालणारी गाडी भरल्या प्रवाशांनिशी कार्ले खिंडीचा चढ चढताना अडखळू लागते. इंजिनात दोष सापडत नाही, नवा पंप बसविला तरी गुण येत नाही. अशा वेळी विचार करावा तो तारांचा.

इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल मोटारींत इंधनपंप सहसा टाकीतच असतो. तो विजेवर चालतो आणि बॅटरी बहुधा पुढे, इंजिनाजवळ असते. समजा, तार 5 मीटर लांब व 1 चौरस मिलिमीटर जाडीची असून पंप 6 अँपिअर धारा घेतो. तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारे 0.086 ओहम येतो, म्हणजे वाटेतच अर्धा व्होल्ट खर्च होतो. त्यात खाऱ्या हवेने हिरवट पूड धरलेल्या जोडांचा 0.2 ओहम रोध मिळविला, तर आणखी 1.2 व्होल्ट जातात. बॅटरीपाशी 13.8 असलेला दाब पंपापाशी जेमतेम 12.1 उरतो. पंप मंदावतो आणि इंजिनाला अधिक इंधन हवे असते त्याच वेळी ते कमी मिळते.

उपायापूर्वी मोजमाप करावे. इंजिन चालू असताना टाकीबाहेरील जोडापाशी मल्टिमीटरने दाब पाहावा व तो बॅटरीच्या दाबाशी ताडावा. नंतर पंपाची अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक पाहावा. तो 0.2 व्होल्टहून बराच अधिक असेल, तर दोष अर्थच्या जोडात आहे. आपल्या किनाऱ्यावर हे नेहमीचेच. गंज खरवडून, बोल्ट घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावली की पुष्कळदा काम भागते. नव्या तारेची गरजच उरत नाही.

घट धन बाजूस असेल, तर रिले बसवावा. आरंभी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. बॅटरीच्या धन टोकाजवळ पंपास योग्य असा, साधारणतः 15 अँपिअरचा, फ्यूज घालून 2.5 चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकास आणावी. 87 पासून तितकीच जाड तार पंपास द्यावी. पंपाची मूळ तार 86 ला जोडावी, 85 अर्थ करावे. पत्र्यातून तार नेताना छिद्रास रबरी कडे बसवावे. रिलेत ठिणगी पडते. म्हणून तो पेट्रोलची वाफ साचणार नाही अशा जागी, तोंड खाली करून लावावा.

मूळ तार 86 ला कशासाठी? काहीजण पंप बॅटरीला थेट जोडून साधे बटण लावतात. तेथे दाब पूर्ण मिळतो, पण संरक्षण जाते. इंजिन बंद पडताच गाडीचा संगणक काही क्षणांत पंप थांबवितो. अपघातात इंधननळी फुटली, तर याच व्यवस्थेमुळे पेट्रोल उसळत राहत नाही. थेट जोडलेला पंप मात्र आगीवर पेट्रोल ओतत राहील. रिले मूळ तारेच्या आज्ञेने चालतो. आज्ञा थांबली की पंपही थांबतो. दाब पूर्ण असावा, पण आज्ञेविना मुळीच नसावा, हे येथील मुख्य सूत्र होय.

काही मोटारींत पंपाचा वेग मुद्दाम कमी-अधिक केला जातो. तेथे ही जोडणी करू नये. निर्मात्याच्या माहितीपुस्तकाचाच आधार घ्यावा. टाकीजवळचे काम स्वतः न करता जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावे, आणि त्याने मोजल्याविना तार कापू नये, एवढा आग्रह आपण अवश्य धरावा.