मुलाला मानसोपचार विभागात भरती करण्यापूर्वी

तुमसर तालुक्यातील एक गृहस्थ धानकापणीच्या दिवसांत आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन नागपूरला निघाले. महिनाभर मुलगा नीट झोपला नव्हता. शाळा सुटली होती. कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, असे म्हणायचा. डॉक्टरांनी भरती करण्याचा सल्ला दिला होता. घरच्यांनी मुलाला सांगितले, "महाराजबागेत वाघ पाहायला जाऊ." पोरगा आनंदाने बसमध्ये बसला. वॉर्डाच्या दारापाशी त्याला सारे उमगले. पुढचे चार दिवस तो वडिलांच्या हातचे पाणीही प्यायला नाही. गोळीचे तर नावच नको. आजार मुळात संशयाचा, आणि त्या संशयाला पुरावा घरच्यांनीच दिला!

"खरं सांगितलं असतं तर तो आलाच नसता जी," असे त्याची आई मला म्हणाली. कदाचित नसताही आला. पण समजावून सांगितल्यावर पुष्कळ मुले येतात, असा माझा अनुभव आहे. मुलगा फारच विरोध करत असेल तर डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी. नेण्याची व्यवस्था कशी करायची ते सांगतील. खोटे मात्र बोलू नये. या मुलाच्या वडिलांनी पाचव्या दिवशी "माझं चुकलं, मी खोटं बोललो" असे कबूल केले, तेव्हा कुठे त्याने पहिली गोळी घेतली.

लहान मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितले तरी पुरते. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाला डॉक्टरांशी बोलतानाच सोबत बसवावे. सांगायचे ते साध्या शब्दांत: "तुला झोप येत नाही, भीती वाटते, हा आजार आहे. तुझी चूक नाही. तिथे डॉक्टर तुला बरे करतील आणि मी तुझ्याजवळ राहीन." दोन दिवसांत परत येऊ, सुई टोचणार नाहीत, अशी वचने देऊ नयेत. रागाच्या भरात "पागलखान्यात टाकीन" असे कधी म्हटले असेल, तर मुलाला ते आता नक्की आठवते. ते शब्द आपणहून परत घ्यावेत.

"मी जवळ राहीन" हे केवळ समजूत घालण्यासाठी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहावे लागते. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूसच हवे. भरतीची माहिती ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. शॉकची भीती अनेकांना असते. मुलांना तो एरवी देता येत नाही; मानसोपचारतज्ज्ञाला गरज वाटली, पालकाने संमती दिली आणि मंडळाने आधी परवानगी दिली, तरच देता येतो, आणि तोही भूल देऊनच.

म्हणून कोण राहणार हे घरातच ठरवावे. कापणीला माणूस मिळत नाही हे खरे, पण दर दोन दिवसांनी माणूस बदलला तर मूल बावरते. शक्यतो आई, नाहीतर ज्याच्याजवळ ते मोकळे बोलते अशी मावशी किंवा आजी.

पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या ठेवाव्यात. गावातल्या भगताने काही जडीबुटी दिली असेल तर तीही न लाजता दाखवावी. झोप कधीपासून उडाली, कधी झटके आले का, डोक्याला मार लागला होता का, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, हे एका वहीत लिहून न्यावे. तिथे गेल्यावर ऐन वेळी आठवत नाही. नाडीचे पायजमे, पट्टा, काचेची बाटली, आरसा, ब्लेड नेऊ नये. रबरी इलॅस्टिकचे कपडे, नेहमीची चादर, आवडीचे पुस्तक चालते. मोबाईलचा नियम वॉर्डात विचारून घ्यावा.

पहिले काही दिवस मूल खूप झोपेल, कदाचित तुमच्यावर रागवेल. काही औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मान आखडणे, लाळ गळणे, हात थरथरणे दिसल्यास लगेच नर्सला सांगावे. मनाने गोळी बंद करू नये.

सुट्टी होण्याआधी घरातली एक गोष्ट बदलायची आहे. आपल्याकडे धानावर फवारायचे औषध छपरीत नाहीतर खाटेखाली पडलेले असते. ते कुलुपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे द्या. मुलाच्या गोळ्याही रोज तुमच्याच हाताने द्या. पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. मध्येच मुलाची अवस्था बिघडली, मरणाची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.