आधी मेन स्विच, मग हाक

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आम्ही दोघं पानमळ्यात असतो, शाळा सुटल्यावर पोरं तास-दीड तास घरी एकटीच असतात. काही झालंच तर काय करायचं ते शिकवायचं आहे, पण सांगायला बसलं की धाकटा रात्री दचकून उठतो. न घाबरवता कसं शिकवू?
– एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : ताई, सांगत बसू नका, करून घ्या. नुसतं ऐकलं की पोरं मनातल्या मनात भलतंसलतं रंगवत बसतात. हाताला काम मिळालं की भीती बरीच ओसरते.

वऱ्हाडात सुरुवात कूलरपासूनच करावी. लोखंडी टाकी, ओली फरशी, अनवाणी पोर. दर उन्हाळ्यात विदर्भातून अशा बातम्या येतात. करंट लागला की हाताचे स्नायू आवळतात, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. भाऊ चिकटलाय म्हणून बहीण ओढायला गेली तर दोघंही अडकतात. म्हणून एकच धडा : हात लावायचा नाही, धावत जाऊन मेन स्विच पाडायचा, मग हाका मारायच्या. आज संध्याकाळीच दोघांकडून तो पाडून घ्या, हात कोरडे, पायात चप्पल. धाकट्याचा हात पुरत नसेल तर खाली लाकडी स्टूल कायमचं ठेवा. आणि वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट गळला तरी वीज तोडणारा स्विच, बसवून घ्याच. साधा एमसीबी जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडतो. माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो.

दुसरा सराव फोनचा. ११२ (कुठलंही संकट) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे दोन नंबर पुरेत. लॉक असलेल्या मोबाइलवरूनही ते कसे लावायचे ते दाखवा, फक्त सरावात खरोखर लावू नका. पलीकडची बाई तुम्हीच व्हा. “कुठून बोलतेस?” विचारलं की पोरगी म्हणेल, “आमच्या घरून!” हसू नका. १०८ चा फोन पुण्यात उचलला जातो, ११२ चा नवी मुंबईत किंवा नागपुरात. त्यांना तुमची गल्ली ठाऊक नसते. नुसतं ‘अंजनगाव’ म्हणूनही भागत नाही. बडनेऱ्याजवळ अंजनगाव बारी आहे, तेही अमरावती जिल्ह्यातलंच. तेव्हा ‘अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती’, मग पेठ, मग जवळचं देऊळ किंवा दुकान, याच क्रमाने घोकून घ्या. समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

असं शिकवलेलं ऐनवेळी खरंच आठवतं का, अशी शंका येईल. २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चौघांचा जीव गेला. तिथे झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना ओली फडकी नाकातोंडावर धरायला लावली. हे ती तिसरीत शिकली होती. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या फडक्याने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही. म्हणून बाहेरची वाट मोकळी असेल तर फडकं शोधत बसू नये, खाली वाकून निघावं. दोन्ही पोरांना पलंगापासून दारापर्यंत रांगायला लावा. धाकट्याला हा खेळच वाटेल.

शेततळ्याचं मात्र खेळावर नेऊ नका. प्लास्टिकचं अस्तर शेवाळून इतकं निसरडं होतं की पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. एक घसरतो, वाचवायला दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. आपण उडी मारणाऱ्या पोराचे सत्कार करतो, हे मला पटत नाही. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून तळ्याच्या काठी टांगून ठेवा आणि तो फेकायचा सराव कोरड्या धुऱ्यावर घ्या.

साप चावला तर? त्याला शोधायचं नाही, मारायचं नाही. चावलेल्याने हलायचं नाही, दुसऱ्याने मोठ्या माणसाला बोलवायचं. बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. थेट सरकारी दवाखाना. मण्यार चावल्यावर बरेचदा दुखतही नाही, म्हणून “काही होत नाही” यावर जाऊ नका.

सहा वर्षांच्या पोरावर यातलं फार टाकू नका. मेन स्विच सोडला तर त्याचं काम एकच, शेजारच्या काकूंकडे पळत जाणं. पण काकूंना आधी सांगून ठेवा. कुकरची शिट्टी ऐकून घाबरला नि त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं, म्हणून त्या खेकसल्या तर पोरगा पुन्हा त्यांच्या दारी जायचा नाही.