घुमणाऱ्या आवाजाची उकल

अँबियंट संगीत ऐकून कान अडकला की बहुतेकजण पहिला प्रश्न विचारतात तो यंत्राचा: हा आवाज कुठल्या सिंथचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर शेवटी लागतो. या संगीतात आवाजाला जे रूप आलेलं असतं, ते जास्त करून काळाशी केलेल्या खटपटीतून येतं. सुरुवात कापलेली असते, वेग उतरवलेला असतो, प्रतिध्वनी लांबवलेला असतो. महागडं यंत्र घेऊनही तो आवाज निघत नाही म्हणून हिरमुसलेली पोरं पाहिली की हे पटतं. म्हणून खालची कृती कानापासून सुरू होते आणि यंत्रापाशी उशिरा पोचते. माल बुलढाणा जिल्ह्यातला घेतला आहे: लोणारचं विवर, काळ्या कातळात खणलेल्या विहिरी आणि रात्री गुणगुणणारी विजेची डीपी.

साहित्य

मोबाइल आणि त्यात डब्ल्यूएव्ही फाइल बनवणारं कुठलंही रेकॉर्डिंग अॅप. वायरचा हेडफोन. लॅपटॉपवर ऑडॅसिटी आणि सर्ज एक्सटी हा सिंथ (दोन्ही फुकट) आणि रीपर (६० दिवस वापरून पाहता येतं). तंबोरा, नसेल तर तंबोऱ्याचं अॅप. देवघरातली पितळी घंटा, दोन-चार फुगे, सुती दोर, जाळीची पिशवी. माइकवर वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून जुन्या मफलरचा तुकडा. पैसे खर्च करायचेच असतील तर हेडफोनवर करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर आवाजाची शेपटी ऐकूच येत नाही, आणि या कामात अर्धी माहिती शेपटीत असते.

१. तुकडा कापून घ्या

ज्या रचनेचा आवाज उकलायचा आहे, तिच्यातला वीस-तीस सेकंदांचा असा भाग शोधा की जिथे एकच आवाज चालू आहे. तो सहसा अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी सापडतो. शेवटचा जास्त कामाचा. शक्य तितकी चांगली फाइल घ्या. दबलेल्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं असतं, आणि मग कलाकाराने फिल्टर लावला होता की फाइलनेच कात्री मारली, हे कळत नाही.

२. घंटेचा प्रयोग

तुकड्याकडे वळण्याआधी कान तयार करायला हा प्रयोग करा. घंटा एकदाच वाजवा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत पहिला अर्धा सेकंद, म्हणजे लोलकाचा टोला, पुसून टाका. उरलेल्याला सुरुवातीला एक सेकंदाचा फेड-इन द्या. आता घरातल्या कुणालातरी न सांगता ऐकवा. घंटा आहे हे क्वचितच ओळखलं जाईल. कुणी बासरी म्हणेल, कुणी पेटीचा सूर. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत हेच केलं होतं आणि 'कापलेली घंटा' हा प्रयोग तिथून प्रसिद्ध झाला. वाद्याची ओळख आपला कान बरीचशी त्याच्या आरंभावरून करतो. आरंभ काढला की पियानो, गिटार, व्हायब्राफोन सगळे एका रांगेत येऊन बसतात, आणि तुम्हाला 'सिंथ पॅड' वाटतो तो मुळात साधा पियानो असू शकतो.

म्हणून तुमच्या तुकड्याला पहिला प्रश्न हा: आवाज कसा सुरू होतो? हळू फुगत येत असेल तर मूळ वाद्याबद्दल अजून काहीच ठरवू नका.

३. चित्र पाहा

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा. विंडोचा आकार ४०९६ किंवा ८१९२ ठेवा, म्हणजे रेषा स्वच्छ दिसतात. आडव्या रेषा म्हणजे सूर, धुकं म्हणजे गोंगाट: वारा, श्वास, टेपची सरसर.

रेषा सारख्या अंतरावर एकीवर एक असतील तर करवती आकाराची लहर किंवा तार. त्यांतल्या एकाआड एक रेषाच असतील तर चौकोनी लहर. अंतरं वेडीवाकडी असतील तर धातू, नाहीतर एफएम संश्लेषण. वरच्या रेषा आधी विझत जात असतील तर लो-पास फिल्टर मिटत आहे, किंवा मग ती छेडलेली तार आहे. हा घोळ चित्रातून सुटत नाही, आरंभ ऐकूनच सुटतो.

रेषांचा तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा दिसत असेल तर तो डिले. दोन नमुन्यांमधलं अंतर कर्सरने मोजा आणि लिहून ठेवा. पुढे दर वेळी नमुना बोथट होत असेल, सूर किंचित डोलत असेल, तर टेप किंवा टेपची नक्कल. नुसता क्षीण होतोय पण चकाकी तीच आहे, तर डिजिटल. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी यंत्रं यादीतून बाद होतात.

४. ठोके मोजा

सलग सुरात एक संथ चढउतार ऐकू येतो ना, तो मोजा. दोन सूर जवळजवळ सारखे पण किंचित वेगळे असले की त्यांच्या फरकाइतके ठोके दर सेकंदाला पडतात. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, त्याच्याबरोबर १३९.१ चा सूर लावला की दर दोन सेकंदांना एक लाट. म्हणजे उलट बाजूने, दोन सेकंदांची लाट मोजली की दोन ऑसिलेटरमध्ये अर्ध्या हर्ट्झचा फरक ठेवायचा. तंबोरा मिळवताना दोन जोडतारा जुळल्या की नाही, हे गवई याच ठोक्यांवरून ओळखतात.

मात्र लाटेबरोबर सूर वरखाली सरकत असेल तर ती टेपची किंवा एलएफओची (सूर हलवणाऱ्या अतिसंथ ऑसिलेटरची) करामत. आवाज फक्त कमीजास्त होतो की सूरही हलतो, हे नीट ऐका.

५. नाव कधी कळतं

यंत्राचं नाव कानाने कधी कळतं आणि कधी नाही, याचा उत्तम नमुना मुंबईचा आहे. वादक चरणजित सिंग यांची १९८२ ची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या ऐकणाऱ्यांनी कान टवकारले ते रोलँड टीबी-३०३ या बेस सिंथमुळे. याच यंत्रावर उभं राहिलेलं शिकागोतलं अॅसिड हाउस १९८२ नंतर काही वर्षांनी आलं होतं. ३०३ लपत नाही. तिचं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं आणि फिल्टरचं चिरकणं दुसऱ्या कशात नाही. पण त्याच तबकडीत ज्युपिटर-८ सुद्धा आहे, आणि संथ पॅडसारखं वाजवलं तर ते त्या काळच्या इतर पॉलिफोनिक सिंथांपासून वेगळं काढणं भल्याभल्यांना जमत नाही. अँबियंटमध्ये बहुतेक आवाज या दुसऱ्या जातीचे. तिथे 'करवती लहर, मिटता फिल्टर, दोन ऑसिलेटर' एवढं निदान पुरतं, आणि ते सर्ज एक्सटीमध्ये तसंच्या तसं उभं करता येतं.

६. तंबोऱ्यावर ताडून पाहा

सर्जमध्ये करवती लहर घ्या, लो-पास फिल्टर लावा, रेझोनन्स मध्यावर ठेवा आणि कटऑफ चार-पाच सेकंदांत हळूहळू हलवा. एकेक हार्मोनिक उजळून विझताना ऐकू येईल. शेजारी तंबोरा छेडा: तोच खेळ, विजेशिवाय. घोडीचा माथा जवळपास सपाट असतो, त्यावर तारेखाली सूत सरकवून मिरजेचे कारागीर आणि गवई जवारी लावतात, आणि तार त्या माथ्याला घासत राहिल्याने वरचे स्वर सतत नव्याने पेटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लेख लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू आहे, तोसुद्धा तंबोऱ्यात ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे तो यायला नको. सिंथची चाल तंबोऱ्याच्या चालीशी जुळेपर्यंत कटऑफ फिरवत राहा. हा अभ्यास कंटाळवाणा आहे, पण फिल्टर ओळखायला याहून चांगला गुरू माझ्या पाहण्यात नाही.

७. डिलेचा हिशेब

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने 'डिस्क्रीट म्युझिक' (१९७५) च्या वेष्टणाच्या मागे यंत्रजोडणीची आकृतीच छापली होती: सिंथ, इक्वलायझर, एको, आणि दोन टेपरेकॉर्डर. पहिल्याने रेकॉर्ड केलेली टेप दुसऱ्यापर्यंत जाऊन वाजते आणि तिथून आवाज परत पहिल्याकडे येतो. उशीर किती, ते दोन यंत्रांमधलं अंतर ठरवतं. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल तर दोन मीटर अंतर म्हणजे साडेदहा सेकंद.

आता लोणार. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरून समोरच्या कड्याला जाऊन परतायला आवाजाला ३.६ किलोमीटर कापायचे. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे वेळ झाला साडेदहा सेकंद, तेच दोन मीटर टेपचं अंतर. एप्रिलच्या दुपारी, ४० अंशाला, तो दहाच्या आसपास येतो. टाळी वाजवून हे पडताळायला जाऊ नका. एवढ्या अंतरात ती विरते, आणि खाली अभयारण्य आहे.

हा उशीर ऑडॅसिटीत प्लगइनशिवाय बनवा. मूळ ट्रॅकच्या पाच-सहा प्रती करा. प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा साडेदहा सेकंद मागे सरकवा, तिचा आवाज ४ डेसिबलने उतरवा आणि लो-पास फिल्टर थोडा अजून खाली आणा. शेवटच्या प्रतींचा सूर नावापुरता हलवलात की टेप झाली.

८. विहिरीची खोली

खोलीचा घुमारा ओळखायचा तर एक खोली स्वतः पकडून पाहावी. आपल्या किंवा ओळखीच्या शेतातली, कठडा असलेली दगडी विहीर निवडा. मोबाइल जाळीच्या पिशवीत घालून दोराने अर्ध्यावर सोडा, इनपुट अगदी कमी ठेवा, आणि कठड्याबाहेर उभं राहून विहिरीच्या तोंडाशी फुगा फोडा. विहिरीत उतरायचं नाही. लोणारच्या दैत्यसूदनाच्या मंदिरात किंवा सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेत फुगे फोडायचे नाहीत. संरक्षित वास्तूत नुसतं ऐकून यावं.

फाइल फुग्याच्या आवाजापासून कापा आणि रीपरमधल्या 'रीआव्हर्ब' या रीव्हर्ब प्लगइनला ती द्या. आता तंबोरा त्या विहिरीत वाजतोय. पाणी तोंडापासून दहा मीटर खाली असेल तर पाण्यावरचा पहिला प्रतिध्वनी तोंडाशी सुमारे ५८ मिलिसेकंदांनी येतो, अर्ध्यावरच्या मोबाइलमध्ये सुमारे २९ नी. चैत्रात पाणी खाली गेलं की अंतर वाढतं, श्रावणात घटतं. त्यामुळे एकाच विहिरीच्या दोन फाइली ठेवा. तुमच्या मूळ तुकड्याची शेपटी यांच्याशी ताडा. अशी टपटप करत येणारी शेपटी म्हणजे समोरासमोरच्या भिंती. गुळगुळीत, दाण्याविना विरणारी असेल तर हॉल, नाहीतर डिजिटल रीव्हर्ब.

९. जोडणी

पहाटे लोणारच्या काठावर मफलर गुंडाळून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मोर, वानरं, वारा, जे येईल ते येऊ द्या. गावात परतल्यावर डीपीच्या कुंपणाबाहेरून तिची घुंघुंही घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर प्रामुख्याने १०० हर्ट्झवर गुणगुणतो. हाच खर्ज मानून तंबोरा मिळवलात तर फुकटचा आधारसूर मिळतो. तो नको असेल तर ५० आणि त्याच्या पटींवर नॉच फिल्टर लावा. लोडशेडिंगमध्ये रेकॉर्ड केलंत तर तेही लागत नाही. भारनियमनाचा एवढा एक फायदा.

मोराची हाक निम्म्या वेगाने वाजवा: लांबी दुप्पट, सूर एक सप्तक खाली. काठावरचा वारा ऑडॅसिटीतल्या पॉलस्ट्रेचमधून आठपट ताणा. मग तीन लूप करा, १७, १९ आणि २३ सेकंदांचे, आणि एकत्र सोडा. तिन्ही पुन्हा एकदम सुरू व्हायला ७४२९ सेकंद, म्हणजे दोन तास चार मिनिटांच्या आत-बाहेर लागतात. ईनोने 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) मध्ये गायलेल्या सुरांच्या अशाच न जुळणाऱ्या टेपा फिरवल्या होत्या, त्यांतली एक साडेतेवीस सेकंदांची. वीस, तीस, चाळीस असे गोल आकडे घेऊ नका. दर दोन मिनिटांनी सगळे एकदम परत येतात आणि कान ते पकडतो.

१०. ताळा

तुमचा तुकडा आणि मूळ तुकडा शेजारी ठेवा आणि दोघांची पातळी सारखी करा; मोठा आवाज नेहमी बरा वाटतो, म्हणून हे आधी. एकदा मोनोमध्ये ऐका. फरक राहिलाच तर याच क्रमाने तपासा: आरंभ, ठोके, डिलेचं अंतर, प्रतींचा बोथटपणा, शेपटी. सिंथ बदलायची वेळ क्वचित येते. जुळलं की साखळी आकड्यांसकट फाइलच्या नावात लिहून टाका: 'तंबोरा काळी एक, आरंभ कापला, निम्मा वेग, डिले १०.५ सेकंद गुणिले पाच, चैत्रातली विहीर.'