हात धुण्याचे पाणी आणि कर्दळ : परिसर अभ्यासाचा एक पाठ

आळंदीस इंद्रायणीवर अलीकडे वरचेवर दिसणारा पांढरा फेस चाकण व पिंपरी-चिंचवड भागातील पुष्कळ मुलांच्या पाहण्यात असतो. "गुरुजी, हा फेस कशाचा?" असा प्रश्न वर्गात आल्यास तो टाळू नये. प्रक्रिया न झालेले सांडपाणी नदीत मिसळते. त्यातील साबणासारखी द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि पाणी बंधाऱ्यावरून कोसळताना त्यात शिरलेली हवा बुडबुड्यांत कोंडून राहते. एवढे सांगितले की मूल पुढे विचारते, "मग उपाय काय?" खरा पाठ येथून सुरू होतो.

नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या व आज 'नीरी' या नावाने परिचित असलेल्या संशोधन संस्थेने 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे. खडीच्या थरात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावून सांडपाणी खडीच्या आतून संथपणे वाहू देतात. खडीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय घाण खातात. पाणी उघडे राहत नसल्याने डासांनाही थारा मिळत नाही. कारखान्यांच्या सर्वच रसायनांवर मात्र हा उतारा नव्हे, हेही मुलांस स्पष्ट सांगावे.

शाळेत याची लहान प्रतिकृती सहज होते. तळाशी छिद्र व बूच असलेल्या दोन सारख्या बादल्या धुतलेल्या खडीने व जाड वाळूने भराव्यात. एकीत कर्दळ लावावी, दुसरी तशीच ठेवावी. मुळे धरण्यास तीन-चार आठवडे द्यावेत. पुढे खिचडीपूर्वी हात धुतलेले पाणी दोहोंत सारखेच ओतावे व दुसऱ्या दिवशी बूच काढून घ्यावे. मूळ पाणी व ही दोन पाणी सारख्या बाटल्यांत अर्धी भरून दहा वेळा हलवावीत आणि फेसाची उंची पट्टीने मोजावी. नदीचे वा नाल्याचे पाणी मुलांस हाताळू देऊ नये.

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. एका शाळेत असे निथळ पाणी मी पेल्यात घेऊन "पाहा, किती स्वच्छ!" असे म्हणालो. तोच पुढच्या रांगेतील मुलीने पेला ओठांशी नेला. तो मी कसाबसा हिसकावला. त्या पाण्यातील रोगजंतू डोळ्यांस दिसणारे नव्हते. 'निथळ' म्हणावयाचे तेथे मी 'स्वच्छ' म्हणालो होतो. तेव्हापासून मी पेला वापरीत नाही आणि बाटलीवर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी आधी लावतो.

निष्कर्ष फळ्यावर आधी लिहू नये. दोन्ही बादल्यांच्या पाण्यात फरक न आढळल्यास मुलांनी वहीत तसेच लिहावे.