छोटे कर्ज आणि ऋणमुक्तीचे सुख

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: संपत्ती असण्याचे, तिच्या उपभोगाचे, ऋणरहित असण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. कूटदंत सुत्तात मात्र राज्यातील चोऱ्या थांबविण्यासाठी राजाला सल्ला दिला आहे की, शेतकऱ्याला बियाणे आणि व्यापाऱ्याला भांडवल द्यावे. भांडवल तर हवे, पण ऋणाचा भार नको, याचा मेळ कसा घालावयाचा? चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रत्येक बचत गटापुढे आज हाच प्रश्न आहे.

1976 मध्ये बांगलादेशातील जोबरा गावी प्रा. मुहम्मद युनूस यांनी 42 गरजूंना मिळून अवघे 856 टका दिले. त्या अनुभवातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. आपल्या देशात नाबार्डने 1992 मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्यास आरंभ केला. येथे आधी स्त्रियांची स्वतःची बचत, मग आपसांतील कर्जव्यवहार आणि त्यानंतर बँकेचे कर्ज, असा क्रम आहे. दहा जणींनी दरमहा शंभर रुपये टाकले, तर वर्षात 12,000 रुपयांचे भांडवल उभे राहते.

आपल्या जंगलपट्ट्यात मिळकत ऋतूंप्रमाणे येते. चैत्राच्या सुमारास मोहफुले, वैशाखात तेंदूपत्ता, दिवाळीच्या आसपास धान. रोवणीचा खर्च आणि आजारपण मात्र हंगामाची वाट पाहत नाहीत. अशा वेळी सावकाराकडे गेलेल्या बाईला मोह मिळेल त्या भावाने त्याच्याच पदरात टाकावा लागतो. गटाने वेळेवर दोन-तीन हजार दिले, तर तोच मोह वाळवून ठेवता येतो आणि भाव आल्यावर विकता येतो. छोट्या कर्जाचे खरे सामर्थ्य रकमेत नसून, थांबण्याची सवड देण्यात आहे.

परंतु हप्ता दर आठवड्याला आणि मिळकत हंगामाला, असे झाले की एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढावे लागते. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जे साचली, वसुलीचा जाच वाढला आणि अखेर राज्य शासनाला अध्यादेश काढावा लागला.

म्हणून व्याजाचा हिशेब प्रत्येकाला आला पाहिजे. 10,000 रुपयांचे कर्ज, मुदलाचे दहा समान मासिक हप्ते, व्याज दरमहा शेकडा दोन. व्याज मूळ रकमेवरच आकारले, तर 2,000 रुपये होते. उरलेल्या रकमेवर आकारले, तर 1,100. दर तोच, फरक 900 रुपयांचा.

केवळ कर्जाने दारिद्र्य हटत नाही, हेही ध्यानात ठेवावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे तिने स्वतः बांबू विकला. वनोपजावर हक्क असेल, तरच त्यासाठी घेतलेले भांडवल फळते.

या शाळेत लिहिणे-वाचणे शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या आईच्या, बहिणीच्या गटाची वही एकदा उघडून पाहावी: व्याज कशावर आकारले आहे, हप्ता कोणत्या महिन्यात येतो आणि कर्ज कशासाठी घेतले आहे. शिक्षणाचा इतका उपयोग घरात झाला, तरी ऋणरहित सुखाची वाट मोकळी होईल, अशी आमची श्रद्धा आहे.